हिशेब कुणापुढे मांडायचा?

मुंबई महापालिकेचा कारभार आजही 1888 सालच्या कायद्याने चालतो. त्या कायद्याप्रमाणे आयुक्ताला दरवर्षी 5 फेब्रुवारीपर्यंत पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवावा लागतो. वर्षअखेरीस तिजोरीत निदान एक लाख रुपये शिल्लक राहतील, अशी तजवीजही त्यात दाखवावी लागते. 2025–26 चा अंदाज 74,427 कोटी रुपयांचा होता. त्यापुढे एक लाखाचा आकडा नाममात्र वाटेल. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकरांना रिकामी तिजोरी म्हणजे काय ते ठाऊक होते. ती कशी रिकामी झाली हे पाहिल्याशिवाय शहराच्या मुख्य अधिकाऱ्याने दरसाल शहरापुढे हिशेब ठेवायची ही रीत कुठून आली ते कळत नाही.

1865 पूर्वी मुंबईची नगरव्यवस्था तीन कमिशनरांकडे होती. तिघांत एकवाक्यता नव्हती आणि जबाबदारी नेमकी कुणाची तेही ठरत नव्हते. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली निघाले, ते याच काळात. कापसाच्या पैशाने शहर फुगत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत बँका व शेअर कंपन्यांचे पेव फुटले. वस्ती वाढली, पण गटारे, रस्ते, कत्तलखाने आणि बाजार होते तसेच राहिले. 1865 च्या कायद्याने तिघांची जागा एका म्युनिसिपल कमिशनरने घेतली. त्या जागी आर्थर क्रॉफर्ड आला.

त्याच वर्षी जुलैच्या पहिल्या तारखेला शेअर बाजार कोसळला. महिनाअखेरीस, 31 तारखेला, नाना शंकरशेट गेले. भरभराटीची मुंबई संपली आणि नव्या कमिशनरच्या हाती कर देण्याची ऐपत गमावलेले, पण घाणीने भरलेले शहर आले.

क्रॉफर्डने ऐपतीची वाट पाहिली नाही. कत्तलखाने शहरातून वांद्र्याला हलवले, रस्ते रुंद केले, दिवाबत्ती वाढवली. डॉ. हेवलेट हे आरोग्य अधिकारी त्याच्या जोडीला होते. मृत्यूंची पद्धतशीर नोंद होऊ लागली आणि कॉलऱ्याने मरणाऱ्यांची संख्या उतरली. 1869 साली पुरा झालेला मोठा बाजार लोक अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणूनच ओळखतात. अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची आणि बाजारकऱ्यांची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंगची, इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सनचा. भाजी, फळे आणि मांस एका छपराखाली, पाण्याची सोय असलेल्या स्वच्छ जागेत विकले जावे ही कल्पना तेव्हा नवी होती.

हे सगळे झाले, पण मंजुरीपेक्षा जास्त पैसा खर्चून. कायद्याने कमिशनरवर देखरेख ठेवायची होती ती सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींच्या सभेने. सभा मोठी, हजेरी बेताची, आणि तयार हिशेब पुढे येईपर्यंत रक्कम खर्चून झालेली असे. 1871 मध्ये करदात्यांचा संताप उफाळला. घरपट्टी वाढली होती आणि म्युनिसिपालिटी कर्जात होती. क्रॉफर्डला जावे लागले.

इथे एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर पुढे आला. 29 नोव्हेंबर 1871 रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहा मेहतांनी म्युनिसिपल सुधारणेवर निबंध वाचला. तमाम करदाते क्रॉफर्डवर तुटून पडलेले असताना मेहतांनी त्याच्या कामाची बाजू घेतली. दोष एकट्या कमिशनरचा नाही, असे ते म्हणाले. अधिकार एका माणसाच्या हातात असणे योग्यच आहे. चूक आहे ती त्याला जाब विचारणाऱ्यांची, कारण ते कुणी निवडून दिलेले नाहीत आणि म्हणून कुणाला बांधीलही नाहीत. सभेला ते रुचले नाही. पण मुंबईची पुढची दीडशे वर्षे याच मांडणीवर उभी आहेत: काम करणारा एक आणि हिशेब मागणारे लोकनियुक्त.

1872 च्या कायद्याने 64 सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यांतले निम्मे, म्हणजे 32, करदात्यांनी निवडायचे होते. मताचा हक्क ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांनाच होता. सर्व प्रौढांना तो मिळायला 1948 उजाडले. तरीही हिंदुस्थानातल्या एका मोठ्या शहरात कमिशनरच्या आकड्यांवर बोट ठेवण्याचा अधिकार निवडून आलेल्या माणसांकडे गेला, ही गोष्ट लहान नव्हती. जमाखर्चावर नजर ठेवायला बारा जणांचे टाऊन कौन्सिल नेमले गेले. आजची स्थायी समिती ही त्याचीच वारस.

क्रॉफर्डचे पुढे काय झाले हे महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने आठवते. 1888 साली पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर असताना त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. चौकशी बसली आणि अखेर त्याला नोकरी सोडावी लागली. त्याला पैसे दिल्याचे कबूल करणाऱ्या मामलतदारांना सरकारने अभय दिले होते, ते मोडले जाऊ लागताच टिळकांनी त्यांची बाजू उचलून धरली. ‘क्रॉफर्ड प्रकरण’ ते हेच. मुंबईला मंडई देणारा आणि पुण्यात कलंकित झालेला माणूस एकच होता. एका कर्तबगार अधिकाऱ्याच्या सचोटीवर सगळा कारभार टांगून ठेवू नये, हे त्याच्या आयुष्यानेच दाखवून दिले.

योगायोग असा की मुंबईचा कायमचा कायदाही 1888 चाच. तो घडवताना विधिमंडळात मेहतांबरोबर काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. सभासद 72 झाले. कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर अशा तीन अधिकारसंस्था ठरल्या. कमिशनरने अंदाज मांडायचा, समितीने तो तपासून दुरुस्त करायचा आणि कॉर्पोरेशनने मंजूर करायचा, हा क्रम पक्का झाला. या काळातला एक कमिशनर मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. 1890 ते 1895 या वर्षांत हॅरी अ‍ॅकवर्थ या पदावर होता. माटुंग्याचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय त्याच्या काळातले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत इतिहासप्रसिद्ध स्त्री-पुरुषांचे पोवाडे गोळा करून छापणारा अ‍ॅकवर्थ तोच. त्याच्याच कारकिर्दीत, 1892 मध्ये, तानसाचे पाणी शहरात आले. त्याआधी 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी झाले होते. प्रत्येक वेळी आधी टंचाई आली, मग पैसा सुटला.

ही सवय पुढे पुन्हा पुन्हा दिसते, पण 1896 इतकी भेसूर कधीच नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे असे सांगितले. डॉक्टर मूळ गोव्यातल्या हडफड्याचे. ते कॉर्पोरेशनचे सभासदही होते, म्हणून ही बातमी त्यांनी स्थायी समितीपुढे मांडली. व्यापार बुडेल, गलबते अडतील म्हणून अनेकांना ती ऐकायची नव्हती. कमिशनर होता पी. सी. एच. स्नो. प्लेगच्या पहिल्या वर्षाचा त्याने लिहिलेला अहवाल 1897 साली निघाला. एखाद्या अधिकाऱ्याने आपल्या शहराविषयी दिलेल्या हिशेबात इतकी भीती क्वचितच उतरली असेल.

स्नोने गटारांतून कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी खेळवले. अंधाऱ्या चाळींच्या छपरांची कौले काढून खोल्यांत उजेड आणला. राहण्यास नालायक ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगवली गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीस त्याने रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अधिकार घेतला. महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेव्हा स्नोने हुकूम सौम्य केला. लाखो माणसे बोटीने, आगगाडीने, पायी शहर सोडून निघाली होती.

पण अहवालातली सर्वांत मोठी धास्ती वेगळीच आहे. घरोघरचा मैला उचलणारे हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई काही दिवसांत उकिरडा होईल, मग प्लेग आवरणे कुणाच्याच हाती राहणार नाही, ही ती धास्ती. सक्तीचा हुकूम सौम्य करण्यामागे हेही कारण होते. हे शहर सुरक्षित ठेवले ते कुणी, याचा कबुलीजबाब त्या पानांत आहे. इंजिनिअर, डॉक्टर आणि कमिशनर यांच्या नावांचे रस्ते आणि इमारती झाल्या. व्हिएगसांचा पुतळा धोबीतलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहासमोर उभा आहे, आणि तो असायलाच हवा. ज्यांच्या थांबण्यावर शहर तगले त्या सफाई कामगारांचा हिशेब मात्र बजेटात ‘आस्थापना खर्च’ या ओळीत येतो, त्या वेळीही आणि आजही.

प्लेगने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, कचऱ्यासाठी शहराबाहेर घेतलेली देवनारची दलदलीची जमीन. दुसरी, 1898 च्या कायद्याने जन्मलेली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर–माटुंग्याची आखीव वस्ती ही ट्रस्टची कामे. कोंदट वस्त्या पाडून हवा-उजेड आणायचा हा तिचा हेतू होता. पण पाडलेल्या घरांतून उठलेल्या गरिबांना नव्या घरांचे भाडे परवडेना, ते शेजारच्या गर्दीत जाऊन आणखी दाटीने राहिले. याबद्दल जाब विचारणारी सभा ट्रस्टला नव्हती. कॉर्पोरेशनने वर्षानुवर्षे तक्रार केली आणि 1933 मध्ये ट्रस्ट तिच्यात विलीन झाली. महापालिकेच्या ‘सुधार समिती’च्या नावात त्या काळाची खूण उरली आहे.

सुरक्षेचा दुसरा खर्च आगीचा. 1803 च्या फेब्रुवारीत फोर्टातल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतरही कित्येक वर्षे आग विझवणे हे पोलिसांचे जादा काम होते. 1880 च्या दशकात अग्निशमन दल म्युनिसिपालिटीकडे आले. 14 एप्रिल 1944 रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला. बोटीवर सुमारे 1,400 टन स्फोटके होती, शिवाय कापूस आणि सोन्याच्या विटा. अर्ध्या तासाने दुसरा, अधिक भयंकर स्फोट झाला. पहिल्या आगीशी झुंजणारे जवान तोवर तिथेच होते. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासात पुन्हा तसेच घडले: इमारत कोसळली आणि दलाचे चार अधिकारी दगावले. प्रमुख अग्निशमन अधिकारी त्यांत होते. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आवारात 14 जण मेले. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा 2006 सालीच झाला होता. इमारतींची तपासणी कितींची झाली, नोटिसा कितींना गेल्या, याचे आकडे दर आगीनंतर जाहीर होतात. आगीआधी ते मागितले गेले पाहिजेत, आणि मागण्याची जागा स्थायी समिती आहे.

पाण्याच्या निचऱ्याची कथा याहून ठसठशीत आहे. जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसापुरती बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. 1985 च्या पुरानंतर महापालिकेने अभ्यास करवला. ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाचा अहवाल 1993 मध्ये हाती आला. ताशी 50 मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल अशी व्यवस्था करा, भरतीच्या वेळी पाणी उपसायला पंपिंग स्टेशने बांधा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. खर्च सुमारे 616 कोटी. दरवर्षी अंदाजपत्रके मांडली गेली, मंजूर झाली, आणि हा अहवाल बाराएक वर्षे बहुतांशी कपाटात राहिला.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठल्याच गटारांनी वाहून नेला नसता, हे खरे आहे. पण मिठी नदीच्या पात्रातली भर, अडवलेले नाले आणि नसलेले पंप यांनी पाणी किती तास तुंबून राहिले आणि त्यात किती जीव गेले, हाही भाग तितकाच खरा. माधवराव चितळे यांच्या समितीने पुढे याचा तपशीलवार पंचनामा केला. त्यानंतर केंद्राचे पैसे आले, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशने एकेक करून उभी राहिली. हिंदमाताच्या खोलगट भागासाठी जमिनीखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्या. दर मे महिन्यात नालेसफाईचे टक्के जाहीर होतात, आणि पहिल्या मोठ्या सरीला शीव, कुर्ला, मिलन सबवे इथे त्या टक्क्यांची परीक्षा होते. टक्केवारी कशाची, काढलेल्या गाळाची की ठरवलेल्या गाळाची, किती फेऱ्या, गाळ टाकला कुठे, हे एखादा चिवट नगरसेवक खोदून विचारतो तेव्हाच कागदावरचे आकडे जमिनीला लागतात.

आणि नेमके ते विचारणारेच 7 मार्च 2022 नंतर राहिले नाहीत. महापालिकेची मुदत संपली, प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणूक अडकली, आयुक्त हेच प्रशासक झाले. फेब्रुवारी 2023 मध्ये 52,619 कोटींचा अर्थसंकल्प अतिरिक्त आयुक्तांनी आयुक्तांपुढे मांडला, कारण आयुक्त हीच स्थायी समिती आणि तीच महासभा होती. असे यापूर्वी 1985 मध्ये घडले होते, तेही थोड्या काळापुरते. या वेळी जवळजवळ चार वर्षे गेली. ज्या त्रुटीवर मेहतांनी 1871 साली बोट ठेवले तिथेच शहर परत आले: काम करणारा आहे, मागणारा नाही. या काळात किनारी रस्त्याचे टप्पे खुले झाले, रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची हजारो कोटींची कामे निघाली, आणि ठेवी मोडून किती खर्च करावा हा मोठा प्रश्न निवडून आलेल्या कुणाच्याही मताशिवाय सुटत राहिला. अधिकाऱ्यांच्या सचोटीवर संशय घ्यायची गरज नाही. तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असेल तर सचोटीलाही साक्षीदार उरत नाही.

याच वर्षांत हिशेबाची एक नवी वही उघडली गेली. मार्च 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, त्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य आहे. 5 जून 2024 रोजी महापालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प प्रसिद्ध केला. 2024–25 च्या भांडवली खर्चातले 10,224 कोटी रुपये, म्हणजे सुमारे 32 टक्के, हवामानाशी निगडित कामांवर आहेत असे त्यात दाखवले आहे. पैसा नवा नाही. निरनिराळ्या खात्यांच्या कामांतून हवामानाशी संबंधित रकमा वेचून एकत्र मांडल्या आहेत. मांडणी उपयोगाची आहे, कारण मलजल प्रक्रिया, पूरनियंत्रण आणि कचरा यांकडे आता एका नजरेने पाहता येते. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड इथे सात मोठी मलजल प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. ती चालू झाली की शहराचा मैला निम्मा-अर्धा कच्चा समुद्रात सोडण्याची दीर्घ परंपरा थांबेल. पण हवामानाचे नाव नसते तरी यांतली बरीच कामे झालीच असती. कोणती, आणि नावामुळे खरोखर नवे काय झाले, ही छाननी अजून व्हायची आहे.

देवनारच्या जमिनीवर आता कचऱ्याचे डोंगर आहेत. जानेवारी 2016 मध्ये त्यांना लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि पूर्व उपनगरांतल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती जागा धारावी पुनर्वसनासाठी द्यायचे ठरल्यावर मे 2025 मध्ये महापालिकेने 185 लाख टन जुना कचरा उपसून प्रक्रिया करण्याची निविदा काढली: 2,368 कोटी रुपये, मुदत तीन वर्षांची. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली आणि 227 नगरसेवक सभागृहात आले. 185 लाख टनांपैकी दर महिन्याला किती उपसले, ते गेले कुठे, गोवंडी आणि शिवाजीनगरच्या वस्तीतली हवा त्या काळात मोजली जाते की नाही, आणि डोंगरावर कचरा वेचून पोट भरणाऱ्या माणसांचे काय ठरले, हे प्रश्न आयुक्तांना समोरासमोर विचारणे आता त्यांचे काम आहे.